एकभाव आणि सभासदत्व : अमेरिकेतील मोटारविक्रीच्या इतिहासातील एक प्रकरण

१

वस्तूचा भाव कोणी, केव्हा आणि कोणासमोर ठरवावयाचा, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. वस्तुतः तो तितकाच सामाजिक इतिहासाचा आणि भाषाव्यवहाराचाही प्रश्न आहे. भाव ही जशी एक संख्या आहे, तशीच ती एक उक्ती आहे. विक्रेता ती उच्चारतो, ग्राहक ती स्वीकारतो, नाकारतो किंवा तिच्यासमोर दुसरी उक्ती मांडतो. कोणत्या समाजात, कोणत्या वस्तूच्या बाबतीत ही उक्ती अंतिम समजावयाची आणि कोणत्या बाबतीत ती केवळ संभाषणाचा आरंभ समजावयाची, याविषयीचे संकेत दीर्घ काळात घडत जातात. असे संकेत कसे घडतात आणि कसे मोडतात हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोटारविक्रीसारखे बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

अमेरिकेत टाचणीपासून शीतकपाटापर्यंत बहुतेक सर्व नव्या वस्तू छापील भावाने विकल्या जातात. दुकानदाराशी घासाघीस करणे हे तेथे असभ्यपणाचे नसले तरी विचित्रपणाचे लक्षण मानले जाते. नवी मोटारगाडी हा या नियमाचा सर्वांत ठळक अपवाद होय. घराच्या खालोखाल सर्वांत मोठी अशी ही खरेदी करताना सामान्य अमेरिकन कुटुंबाला एकाएकी असा व्यवहार करावा लागतो की ज्याचा सराव त्याला इतरत्र कोठेही मिळालेला नसतो. समोरचा विक्रेता मात्र तोच व्यवहार प्रतिदिनी करीत असतो. या विषमतेवर तोडगा म्हणून जे प्रयत्न झाले, त्यांपैकी एक म्हणजे सभासदी भांडाराच्या मार्फत आधी ठरविलेल्या भावाने गाडी घेण्याची योजना. कॉस्टको या भांडाराची योजना त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. या योजनेची पूर्वपीठिका तपासून, तिने नेमका कोणता प्रश्न सोडविला आणि कोणता तसाच ठेवला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच दोन शब्दांविषयी खुलासा करणे इष्ट होईल. मराठीत 'घासाघीस' हा शब्द घासण्याच्या क्रियेवरून आला आहे. दोन्ही पक्ष एकमेकांवर घासले जाऊन झिजतात आणि मग भाव निघतो, अशी त्यामागील कल्पना दिसते. इंग्रजीतील 'हॅगल' या क्रियापदाचा जुना अर्थ ओबडधोबड तोडणे, छाटणे असा आहे. दोन्ही भाषांनी हा व्यवहार शारीरिक झटापटीच्या रूपकातून पाहिला, ही गोष्ट लक्षणीय आहे. याच्या उलट 'एकभाव' या शब्दात कसलीही क्रिया नाही, केवळ संख्या आहे. 'एकच भाव' अशी पाटी लावणारा दुकानदार दोन विधाने करीत असतो. पहिले, हा भाव बोलण्याने बदलणार नाही. दुसरे, हा भाव सर्वांना सारखा आहे. ही दोन विधाने एकच नव्हेत. पहिले खरे असून दुसरे खोटे असू शकते, आणि पुढील सर्व विवेचनाचा कणा हाच भेद आहे.

२

एकभावाची कल्पना व्यापाऱ्यांच्या सोयीतून जन्मली, असा एक समज आहे. निदान इंग्रजी भाषिक जगात तरी तिचा आरंभ धार्मिक सचोटीच्या आग्रहात सापडतो. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांनी क्वेकर पंथाची स्थापना केली. १६५८ साली त्यांनी लंडनच्या व्यापाऱ्यांना उद्देशून एक इशारापत्र प्रसिद्ध केले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. जो भाव घेण्याची तयारी आहे त्याहून अधिक भाव तोंडाने सांगणे म्हणजे असत्य बोलणे होय, आणि असत्य बोलणे हे पाप आहे. म्हणून क्वेकर दुकानदाराने प्रथमच शेवटचा भाव सांगावा. फॉक्स यांच्या आत्मवृत्तात या आचाराच्या परिणामांविषयीही उल्लेख आहे. प्रारंभी लोक अशा दुकानांपासून दूर राहिले. पुढे मात्र लहान मूल पाठविले तरी त्याची फसवणूक होत नाही असा अनुभव आल्यावर गिऱ्हाईक वाढले.

या उल्लेखातील लहान मुलाचे स्थान लक्षात घ्यावयास हवे. मूल म्हणजे व्यवहारात सर्वांत असमर्थ व्यक्ती. त्याला भाव ठाऊक नसतो, बोलणी करण्याचे धैर्य नसते आणि दुसऱ्या दुकानी जाण्याचे त्राणही नसते. अशा व्यक्तीलाही तोच भाव मिळणे ही एकभावाची खरी कसोटी होय. सतराव्या शतकात घातली गेलेली ही कसोटी पुढील तीन शतकांतील प्रत्येक योजनेस लावून पाहता येते.

एकोणिसाव्या शतकात हा आचार मोठ्या दुकानांनी उचलला, परंतु त्याचे कारण पालटले. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर टर्नी स्टुअर्ट यांनी १८२३ साली दुकान काढले आणि १८४६ साली संगमरवरी दर्शनी भाग असलेली भव्य इमारत उभारली. पॅरिसमध्ये आरिस्तीद बूसिको हे १८५२ साली 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार झाले. फिलाडेल्फियात जॉन वानामेकर यांनी १८६१ साली कपड्यांचे दुकान घातले आणि १८७६ साली रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या जागेत आपले विशाल भांडार उघडले. या तिघांच्याही दुकानांत वस्तूवर भावाची चिठ्ठी असे आणि तो भाव सर्वांना सारखा असे. वानामेकर हे धर्मनिष्ठ गृहस्थ होते आणि देवापुढे सर्व समान तसे भावापुढेही सर्व समान असावेत, अशी त्यांची धारणा असल्याचे सांगितले जाते. तथापि व्यावहारिक कारण याहून स्पष्ट आहे. लहान दुकानात मालक स्वतः गल्ल्यावर बसतो. त्याला मालाची खरेदीकिंमत ठाऊक असते आणि समोरच्या माणसाची पारख असते. शेकडो पगारी नोकर असलेल्या भांडारात घासाघिशीचा अधिकार नोकरांच्या हाती देणे मालकाला परवडणारे नसते. यास्तव भाव कागदावर गेला आणि नोकराचे काम वस्तू दाखविण्यापुरते उरले.

३

इतिहासाचा एक उपरोध असा की ज्या वानामेकर यांचे नाव भावचिठ्ठीशी जोडले गेले, त्यांच्याच दुकानांतून १९०३ साली फोर्ड मोटारगाड्या विकल्या जात होत्या. मोटारविक्री त्या वाटेने गेली असती तर कदाचित आज मोटारगाडीही शिलाईयंत्राप्रमाणे चिठ्ठीच्या भावाने मिळाली असती. परंतु तसे घडले नाही. त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण विक्रीव्यवस्थेच्या रचनेत आहे. कारखानदारांना गाड्या बनविण्यासाठी प्रचंड भांडवल लागत होते. विक्रीसाठीही भांडवल घालणे त्यांना नको होते. म्हणून त्यांनी गावोगावच्या स्वतंत्र व्यापाऱ्यांशी करार केले. हा व्यापारी, ज्याला पुढे सर्वत्र 'डीलर' हेच नाव पडले, कारखान्याचा नोकर नव्हता. तो गाड्या रोखीने विकत घेई आणि स्वतःच्या जोखमीवर विकी. कारखान्याने पाठविलेल्या गाड्या खपल्या नाहीत तर नुकसान त्याचे. अशा व्यापाऱ्याला भाव वरखाली करण्याची मोकळीक असणे क्रमप्राप्त होते.

दुसरे कारण जुन्या गाडीचे. फोर्डच्या 'टी' गाडीची किंमत १९०८ साली ८५० डॉलर होती, ती १९२५ च्या सुमारास ३०० डॉलरच्याही खाली आली. या काळात गाडी घराघरांत पोहोचली. परंतु त्याचा अर्थ असा की १९२० नंतरच्या दशकात नवी गाडी घेण्यास येणाऱ्या ग्राहकाच्या दारी बहुधा एक जुनी गाडी असे आणि ती मोबदल्यात देऊन तो नवी घेऊ पाही. नवी गाडी एकसारखी असते, म्हणून तिचा भाव छापता येतो. जुनी गाडी मात्र प्रत्येक वेगळी. तिचा भाव पाहिल्याशिवाय, ठोकल्याशिवाय, बोलल्याशिवाय ठरत नाही. नवीचा भाव छापील आणि जुनीचा तोंडी असा व्यवहार सुरू झाला की छापील भावालाही अर्थ उरत नाही. जुनीला शंभर डॉलर अधिक देणे आणि नवी शंभर डॉलरने स्वस्त देणे ही एकाच गोष्टीची दोन नावे होत.

तिसरे कारण सांस्कृतिक आहे. इतिहासकार स्टीव्हन गेल्बर यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की मोटारविक्रीची घासाघीस ही घोड्यांच्या सौद्याची थेट वारस आहे. भांडारातील खरेदी ही स्त्रियांची मानली गेली आणि तेथे एकभाव आला. घोड्याचा सौदा हा पुरुषांचा मानला जाई आणि त्यात चातुर्याने दुसऱ्यावर मात करणे हा दोष नसून गुण समजला जाई. घोड्याची जागा मोटारीने घेतली तेव्हा सौद्याचे शिष्टाचारही तिच्याबरोबर आले. महाराष्ट्रातील वाचकास हे पटण्यास अडचण पडू नये. बैलबाजारात दात पाहणे, चाल पाहणे, रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविणे, हा सारा व्यवहार दुकानातील तांदुळाच्या खरेदीहून सर्वस्वी वेगळ्या जातीचा असतो.

४

दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे गाड्यांची टंचाई होती. ती संपल्यावर कारखान्यांनी डीलरांवर गाड्यांचा मारा सुरू केला आणि डीलरांनी ग्राहकांवर. या काळात एक युक्ती सर्वत्र रूढ झाली. गाडीच्या भावात प्रथम काही शेकडा डॉलर गुपचूप भरावयाचे आणि मग जुन्या गाडीसाठी उदारपणे तितकीच रक्कम वाढवून दिल्याचा देखावा करावयाचा. ग्राहकाला मूळ भाव कोठेच लिहिलेला दिसत नसल्यामुळे ही युक्ती उघडी पडत नसे.

ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९५८ साली मोटारविषयक माहिती प्रकट करण्याचा केंद्रीय कायदा संमत झाला. त्यान्वये प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखानदाराने सुचविलेली किंमत, जादा साहित्याची किंमत आणि वाहतूकखर्च दर्शविणारी चिठ्ठी लावणे बंधनकारक झाले. गाडी ग्राहकाच्या हाती जाण्यापूर्वी ती काढणे हा गुन्हा ठरला. ही चिठ्ठी आजही सिनेटर मनरोनी यांच्याच नावाने ओळखली जाते.

या कायद्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्यातील 'सुचविलेली' हे विशेषण निर्णायक आहे. कायद्याने भाव प्रकट करावयास लावला, पाळावयास लावला नाही. परिणामी वानामेकर यांची चिठ्ठी संभाषण संपविणारी होती, तर मनरोनी यांची चिठ्ठी संभाषणाचा आरंभबिंदू ठरली. ग्राहक 'चिठ्ठीपेक्षा किती कमी?' असे विचारू लागला आणि जाणता ग्राहक 'बीजकापेक्षा किती जास्त?' असे विचारू लागला. कारखान्याने डीलरला दिलेल्या बीजकावरील किंमत म्हणजे डीलरचा खरा खर्च, अशी समजूत यामागे होती. ती पुरती खरी नव्हती. कारखाना मागाहून डीलरला किमतीच्या साधारणतः एक ते तीन टक्के रक्कम परत करीत असे, शिवाय विक्रीवर बक्षिसे देत असे. म्हणजे एका पडद्यामागे दुसरा पडदा होता.

भाव पाळण्याचा प्रयत्न पुढे काही कारखान्यांनी केला. जनरल मोटर्सने 'सॅटर्न' ही गाडी १९९० साली बाजारात आणली ती घासाघिशीविना विक्री हेच वैशिष्ट्य मिरवीत. एका प्रदेशातील सर्व दुकाने एकाच चालकाकडे असल्यामुळे शेजारच्या दुकानाशी स्पर्धा करून भाव पाडण्याचा मोहही कमी होता. ग्राहकांना ही पद्धत आवडली, परंतु गाडीच अखेर टिकली नाही आणि २०१० साली ते नाव इतिहासजमा झाले. जुन्या गाड्यांच्या व्यापारात १९९३ साली व्हर्जिनियातील रिचमंड येथे 'कारमॅक्स'ने एकभाव आणला आणि तो मात्र टिकला. जुनी गाडी एकभावाने विकता येणे अशक्य, या पूर्वसमजुतीला त्यामुळे धक्का बसला.

५

सभासदी भांडाराची कल्पना या प्रवाहापासून दूर, वेगळ्याच ठिकाणी वाढली. सोल प्राइस हे कॅलिफोर्नियातील सान दिएगो येथील वकील. त्यांनी १९५४ साली 'फेडमार्ट' नावाचे दुकान काढले. प्रारंभी ते सरकारी कर्मचाऱ्यांसाठी होते आणि सभासदत्वासाठी दोन डॉलर घेतले जात. लॉस एंजल्समध्ये सरकारी नोकरांनी चालविलेले 'फेडको' हे ना-नफा तत्त्वावरील दुकान त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९७५ साली फेडमार्टची मालकी एका जर्मन व्यापाऱ्याकडे गेली आणि प्राइस यांना बाहेर पडावे लागले. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्यांनी सान दिएगो येथेच विमानांच्या एका जुन्या इमारतीत 'प्राइस क्लब' उघडला. लहान व्यावसायिकांनी वार्षिक २५ डॉलर भरून सभासद व्हावे आणि घाऊक भावाने माल न्यावा, अशी त्याची मूळ रचना होती. फेडमार्टमध्ये उमेदवारी केलेले जेम्स सिनेगल यांनी जेफ्री ब्रॉटमन यांच्यासह १९८३ साली सिअॅटल येथे 'कॉस्टको' स्थापन केले. १९९३ साली या दोन संस्था एकत्र झाल्या.

या भांडाराच्या अर्थव्यवहाराचे मर्म असे की नफ्याचा मोठा भाग मालावरील वाढाव्यातून येत नाही, तो सभासदांच्या वर्गणीतून येतो. मालावरील वाढाव्यावर कॉस्टकोने स्वतःच मर्यादा घालून घेतली. बाहेरच्या छापाच्या मालावर साधारणतः १४ टक्के आणि स्वतःच्या छापाच्या मालावर १५ टक्के, याहून अधिक चढवावयाचे नाही, असा तेथील दंडक प्रसिद्ध आहे. विक्रेत्याने स्वतःच्या हातात घातलेली ही बेडी हेच त्याच्या विश्वासार्हतेचे भांडवल झाले. सभासद प्रत्येक वस्तूचा भाव इतरत्र पडताळून पाहत नाही. तो एकदा वर्गणी भरतो आणि पडताळणीचे काम भांडारावर सोपवितो.

येथे युरोपातील सहकारी चळवळीशी तुलना सहज सुचते. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ जणांनी जे दुकान काढले, त्यात सभासद हा मालक होता. तो बाजारभावानेच माल घेई आणि खरेदीच्या प्रमाणात नफ्याचा वाटा परत मिळवी. सभासदी भांडारातील सभासद मालक नसतो. त्याला मतदानाचा अधिकार नाही, नफ्यात वाटा नाही. तो प्रवेशाचा हक्क विकत घेतो. दोन्हींना 'सभासद' हाच शब्द लागू होत असल्यामुळे हा भेद झाकला जातो.

६

आता मोटारगाडीच्या योजनेकडे वळावयाचे. भांडाराला डाळ-तांदुळाप्रमाणे गाड्या घाऊक विकत घेऊन विकता येणार नव्हत्या. अमेरिकेतील जवळजवळ सर्व राज्यांत डीलरांचे हक्क रक्षण करणारे कायदे आहेत. नवी गाडी ही कारखान्याशी करार असलेल्या परवानाधारक डीलरनेच विकावी, अशी त्यांची सामान्य दिशा आहे. १९५६ साली केंद्रीय कायद्यानेही डीलरला कारखान्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क दिला. म्हणून भांडाराने विक्रेत्याची भूमिका न घेता मध्यस्थाची भूमिका घेतली. योजनेचे काम भांडाराच्या वतीने एक स्वतंत्र संस्था पाहते.

पद्धत अशी आहे. संस्था त्या त्या भागातील डीलरांची निवड करते आणि गाडीच्या प्रत्येक प्रकाराचा सभासदांसाठीचा भाव त्यांच्याशी आधीच ठरविते. डीलरकडील ठराविक व्यक्तीच या सभासदांशी व्यवहार करण्यास अधिकृत असते. सभासद तेथे गेल्यावर त्याला सभासदभावाचा तक्ता दाखविला जातो. त्यावर बीजकाची किंमत, कारखान्याने सुचविलेली किंमत आणि सभासदभाव या गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात. भाव पसंत नसेल तर सभासदाने परत जावे, खरेदीचे बंधन नाही. डीलरला अधिक नफ्याची आशा सोडावी लागते, परंतु जाहिरातीविना आणि तासन्‌तास बोलण्याविना गिऱ्हाईक दारी येते.

भाव ठरविण्याची जागा येथे बदलली, हे या योजनेचे ऐतिहासिक वैशिष्ट्य म्हणावे लागेल. घासाघीस नाहीशी झाली नाही. ती शोरूममधून उठून मध्यस्थ आणि डीलर यांच्या बैठकीत गेली. दोन्ही बाजूंना सारखेच अनुभवी लोक बसल्यामुळे ती समबलांची झाली. ग्राहकाने आपले बोलणे दुसऱ्यास वकीलपत्र द्यावे तसे देऊन टाकले.

परंतु योजनेची मर्यादाही येथेच दिसते. अमेरिकन डीलरांकडे एक जुना कागद प्रसिद्ध आहे. त्यावर चार चौकटी असतात : गाडीचा भाव, जुन्या गाडीची किंमत, रोख भरावयाची रक्कम आणि महिन्याचा हप्ता. ग्राहक एका चौकटीतील आकडा खाली आणतो तेव्हा विक्रेता दुसरीतील आकडा वर नेतो. महिन्याचा हप्ता कमी झाल्याच्या आनंदात हप्त्यांची संख्या वाढल्याचे ध्यानात येत नाही. सभासदभाव यांपैकी पहिली चौकट शाईने भरून टाकतो. उरलेल्या तीन पेन्सिलीनेच लिहिल्या जातात. जुन्या गाडीचे मोल, कर्जाचे व्याज, लांबविलेली हमी, कागदपत्रांचे शुल्क या गोष्टी सभासदभावाच्या बाहेर राहतात. १९२० नंतरच्या दशकात ज्या जुन्या गाडीने छापील भाव निरर्थक केला, तीच जुनी गाडी सभासदभावाच्याही दारात उभी असते.

७

घासाघीस गेली काय आणि राहिली काय, यात एवढे महत्त्वाचे काय आहे, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकेल. चतुर ग्राहकाला स्वस्त आणि भोळ्याला महाग, यात बाजाराचा नेहमीचा न्यायच नाही काय? या प्रश्नाचे उत्तर १९९१ साली एका संशोधनाने दिले. कायद्याचे अभ्यासक इयन एअर्स यांनी शिकागो परिसरातील डीलरांकडे परीक्षक पाठविले. सर्वांना एकच बोलणी, एकच क्रम, एकच माहिती शिकविलेली होती. भेद फक्त वर्णाचा आणि लिंगाचा. गोऱ्या पुरुषांना जो नफा चढवून भाव सांगितला गेला, त्याहून गोऱ्या स्त्रियांना ४० टक्के अधिक नफा चढविला गेला. कृष्णवर्णीय पुरुषांना दुपटीहून अधिक आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना तिपटीहून अधिक. चतुराई सारखी असता भाव वेगळा निघाला. एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या तीनशेहून अधिक जोड्यांच्या विस्तृत पाहणीत क्रम काहीसा बदलला, परंतु कृष्णवर्णीयांना अधिक भाव सांगितला जातो हा निष्कर्ष कायम राहिला.

या निष्कर्षास आव्हानही मिळाले. पिनेलोपी गोल्डबर्ग यांनी १९९६ साली कुटुंबांच्या प्रत्यक्ष खर्चाच्या आकडेवारीवरून असे दाखविले की अखेर दिलेल्या किमतीत वर्ण वा लिंग यांनुसार लक्षणीय फरक आढळत नाही. सांगितलेला भाव आणि दिलेला भाव यांत अंतर असते, हे खरेच आहे. भोगलेला त्रास मात्र किमतीच्या आकड्यात उमटत नाही, हेही तितकेच खरे आहे. त्यानंतर फिओना स्कॉट मॉर्टन, फ्लोरियन झेटेलमायर आणि होर्हे सिल्वा-रिसो यांनी २००३ साली प्रत्यक्ष विक्रीव्यवहारांच्या मोठ्या संग्रहावरून या वादात महत्त्वाची भर घातली. शोरूममध्ये जाऊन खरेदी करणारे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक ग्राहक सुमारे दोन टक्के अधिक देतात, असे त्यांना आढळले. या फरकाचा बराचसा भाग उत्पन्न, शिक्षण आणि शोधाशोध करण्याची ऐपत यांतील भेदांमुळे पडतो. इंटरनेटवरील मध्यस्थामार्फत आलेल्या ग्राहकांत मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. हा मध्यस्थ ग्राहकाला विशिष्ट डीलरकडे पाठवी आणि भाव आधी कळवी. म्हणजे रचनेच्या दृष्टीने तो सभासदी योजनेचा सख्खा भाऊच होता.

हा निष्कर्ष प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहे. आधी ठरलेला भाव हा केवळ वेळ वाचविणारा नसून, तो ज्यांच्याविषयी विक्रेत्याच्या मनात पूर्वग्रह असतात त्यांचे संरक्षण करणारा आहे. चेहरा दिसण्यापूर्वी भाव ठरला म्हणजे चेहऱ्याचा भाव उरत नाही.

८

महाराष्ट्रातील अनुभव या ठिकाणी दोन दृष्टींनी उपयोगी पडतो. एकाधिक पिढ्यांनी येथे हत्ता पद्धत पाहिली. दलाल आणि खरेदीदार यांनी रुमालाखाली भाव ठरवावा आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्याने उभे राहून पाहावे, असा तो व्यवहार होता. नियंत्रित बाजारपेठांत त्या जागी उघड लिलाव आणण्यात आला. व्यापाऱ्यांच्या सांकेतिक नंदभाषेतील संख्यावाचकांचाही उद्देश तोच, समोर असलेल्या तिसऱ्याला भाव कळू नये. भाव उच्चारण्याची भाषा कोणाला समजते, हा सत्तेचा प्रश्न आहे, हे यावरून दिसते. बीजकाची किंमत दाखविणारा तक्ता हा त्या अर्थाने रुमाल दूर करण्याचाच एक प्रकार होय.

दुसरा अनुभव टंचाईचा. परवाना-नियंत्रणाच्या काळात भारतात मोटारगाडीचा भाव सरकारने बांधून दिलेला असे आणि नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. भाव एकच होता, परंतु ज्याला थांबावयाचे नसेल त्याने वर 'ऑन' मोजावे, हे मुंबईत सर्वांस ठाऊक होते. पुरवठा आखडला की बांधलेला भाव फुटतो आणि त्यातून दुसरा भाव जन्मतो. २०२१ साली संगणकीय चकत्यांच्या तुटवड्यामुळे अमेरिकेत गाड्या दुर्मिळ झाल्या, तेव्हा तेथील अनेक डीलरांनी काचेवरील चिठ्ठीशेजारी 'बाजार-समायोजन' अशा सोज्ज्वळ नावाची दुसरी चिठ्ठी लावली. नाव वेगळे, वस्तू तीच. सुचविलेली किंमत ही जशी खालून बंधनकारक नव्हती, तशी वरूनही नव्हती, हे तेव्हा ग्राहकांच्या प्रत्ययास आले.

सामुदायिक खरेदीचा मार्गही मराठी समाजास अपरिचित नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्रित घेण्याची आणि वाटण्याची व्यवस्था उभारली. तेथील सभासद केवळ वर्गणीदार नसतो. माल उतरविणे, मोजणे, वाटणे ही कामेही त्याच्याकडे येतात. रॉचडेल आणि सान दिएगो यांच्या मधल्या कोठल्यातरी बिंदूवर ही संस्था उभी आहे, आणि 'सभासद' या शब्दाच्या अर्थाचा पल्ला किती मोठा आहे याची ती साक्ष देते.

९

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मोटारविक्रीत एकभाव आणण्याचे तीन मार्ग अमेरिकेने हाताळले. पहिला कायद्याचा. १९५८ च्या चिठ्ठीने भाव उघड केला, स्थिर केला नाही. २०२३ च्या अखेरीस केंद्रीय व्यापार आयोगाने गाडीचा सर्व शुल्कांसह एकूण भाव सांगणे डीलरांवर बंधनकारक करणारा नियम केला. तो २०२५ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने प्रक्रियेतील दोषामुळे रद्द ठरविला. दुसरा मार्ग विक्रेत्याच्या स्वेच्छेचा. सॅटर्न आणि कारमॅक्स यांचा प्रयोग या सदरात पडतो. तिसरा सभासदत्वाचा, ज्यात ग्राहक वर्गणी देऊन मध्यस्थ मिळवितो.

तिसरा मार्ग उपयुक्त ठरला, यात शंका नाही. परंतु फॉक्स यांच्या कसोटीस तो उतरतो काय? आरंभी एकभावाच्या दोन अंगांचा उल्लेख केला होता. भाव बोलण्याने न बदलणे आणि भाव सर्वांना सारखा असणे. सभासदी योजना पहिले अंग पाळते, दुसरे सभासदांपुरते पाळते. त्याच शोरूममध्ये, त्याच दिवशी, त्याच गाडीसमोर दोन ग्राहक उभे असतील. एकाच्या खिशात सभासदपत्र असेल तर त्याला तक्ता दाखविला जाईल. दुसऱ्याच्या खिशात ते नसेल तर त्याच्यापुढे चार चौकटींचा कागद येईल. सतराव्या शतकातील दुकानदाराने लहान मुलाला विचारले नव्हते की तू कोणाचा सभासद आहेस.

अर्थात् हा दोष योजनेचा म्हणण्यापेक्षा तिच्या आवश्यकतेचा आहे. सत्य भाव हा जेथे सर्वांचा हक्क असतो, तेथे तो वर्गणी भरून मिळविण्याची गरज पडत नाही. जेथे तो मिळविण्यासाठी संघटित व्हावे लागते, तेथे संघटना ही प्रशंसनीय असली तरी तिचे अस्तित्वच मूळ व्यवहारातील उणिवेचा पुरावा असते. एकभावाच्या इतिहासात नीती, सोय आणि सभासदत्व असे तीन टप्पे दिसतात. प्रत्येक टप्प्यावर भावाची चिठ्ठी तीच राहिली, परंतु ती वाचण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर मात्र बदलत गेले.